ताप उतरल्याचा दंड

"रुग्णालयातील वास्तव्यात रुग्णाचे तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट होते व प्रकृती स्थिर होती. सबब, दाखल होण्याची वैद्यकीय आवश्यकता आढळून येत नाही. आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे."

आमच्या दाजींना आरोग्य विमा कंपनीकडून आलेल्या पत्रातला हा मजकूर. मूळ पत्र इंग्रजीत आहे आणि त्याच्या शेवटी दाजींना उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा आहेत. पत्राचा सूर बघता त्या शुभेच्छा कंपनीने स्वतःलाच दिल्या असाव्यात.

दाजींना डेंगी झाला होता. मिरजेत दाखल होते, प्लेटलेट्स चाळीस हजारांवर आल्या होत्या, ताई देव पाण्यात ठेवून बसली होती आणि भेटायला येणारा प्रत्येक जण किवी घेऊन येत होता. पपईच्या पानांचा रस पाजावा की पाजू नये यावरून नातेवाइकांत दोन गट पडले होते. बिल पासष्ट हजारांच्या घरात गेलं. बाकीचं सांगत नाही, कारण दरवर्षी पावसाळा सरता सरता हे तुमच्याही घरात होऊन गेलेलं असतं. आपण त्या ९८.६ कडे वळू.

हा आकडा टीपीआर चार्टवरचा. टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन. खाटेच्या पायथ्याशी पॅडला लावलेला तो कागद, ज्यावर सिस्टर ठरावीक वेळाने आकडे टाकून जाते आणि जो नातेवाईक उलटा धरून गंभीर चेहऱ्याने वाचतात. दाजींच्या चार्टवर पहिल्या दिवशी १०३ आहे. मग १०२.४ आहे. रात्री पुन्हा १०३.२ आहे. दुसऱ्या दिवशीचे आकडेही याच घराण्यातले. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या रकान्यात सिस्टरने लिहिलं, ९८.६. कंपनीच्या डॉक्टरांनी तो अख्खा कागद वरपासून खालपर्यंत वाचला असणार, कारण वाचल्याशिवाय हा एवढा एकच आकडा नेमका उचलता येत नाही. एकशेतीनवरून नजर न अडखळता पुढे नेणं हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यासाठी नोकरीच हवी.

आता गंमत ऐका. डेंगीत ताप उतरतो तेव्हा माणूस बरा होतोच असं नाही. बऱ्याचदा धोक्याची वेळ तिथूनच सुरू होते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो, आणि काही रुग्णांत त्याच सुमाराला रक्तवाहिन्यांतला द्रव बाहेर झिरपू लागतो, प्लेटलेट्स तळ गाठतात, रक्त घट्ट होतं, बीपी पडू शकतं. पोटात कळा, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यांच्याकडे डॉक्टर डोळ्यांत तेल घालून बघतात ते याच दिवसांत. घरच्यांना वाटतं, ताप गेला, चला सोडा आता. डॉक्टर म्हणतात, आता तर मुळीच नाही. हे एमबीबीएसच्या पुस्तकात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे आणि मिरजेच्या वॉर्डातल्या मामांना तोंडपाठ आहे. म्हणजे ज्या सकाळच्या आकड्यावरून कंपनीने दाजींना ठणठणीत ठरवलं, त्या सकाळी प्लेटलेट्स सर्वांत खाली होत्या आणि डॉक्टर नाष्ट्यालासुद्धा घरी गेले नव्हते.

पत्रात आणखी एक कलम आहे. "रुग्णास केवळ शिरेवाटे द्रव व पॅरासिटामॉल देण्यात आले व वारंवार रक्ततपासण्या करण्यात आल्या. सक्रिय उपचार आढळत नाहीत." खरं आहे. एकही सक्रिय औषध दिलं नाही. का दिलं नाही? कारण डेंगीच्या विषाणूला मारणारं औषध अजून वापरातच नाही. सलाइन मोजून लावायचं, ताप पॅरासिटामॉलने आवरायचा, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळायचं, रक्त पुन:पुन्हा तपासायचं आणि पेशंटवरून नजर हटवायची नाही, हाच जगभरचा उपचार आहे. ज्या रोगाला औषध नाही त्या रोगाला औषध दिलं नाही, म्हणून दाजी दोषी. वर एक्सल-०४ हा शिक्का मारलाय. अपवादांच्या प्रमाण यादीतलं हे चौथं कलम सांगतं की निव्वळ निदान आणि तपासणीसाठी दाखल झालात तर पैसे मिळणार नाहीत. कलम मुळात शहाणपणाचं आहे. फुकटात एमआरआय काढून घ्यायला चार दिवस एसी रूममध्ये पडून राहणाऱ्यांसाठी ते लिहिलेलं आहे. पण डेंगीत तपासणी हाच उपचाराचा कणा असतो, हे कलमाला कळत नाही, कारण कलमाला डोकं नसतं. ते लावणाऱ्याला असतं, अशी आपली समजूत. खरं तर कंपनीने उगाच चौथ्यावर थांबावं असं काही नव्हतं. पाचवं कलम विश्रांतीसाठी दाखल होण्याबद्दल आहे. दाजी पाचही दिवस आडवे होते. बिनतोड पुरावा.

मग दाखल व्हायला किती ताप लागतो? मी हे कंपनीला लेखी विचारलं. उत्तर आलं नाही, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर वाचकांच्या सोयीसाठी मीच एक अंदाज बांधला आहे. ताप आला की घाई करू नका, कंपनीला पटेल इतका भरू द्या. फार थांबूही नका, नाहीतर आजार जुना होता आणि तुम्ही तो लपवलात असं निघेल. दाखल झाल्यावर सिस्टर थर्मामीटर घेऊन येताना दिसली की अस्थिर व्हा. (थर्मामीटरचे पैसे मिळत नाहीत. बहुतेक पॉलिसींत न देण्याच्या वस्तूंची जी ६८ कलमी यादी असते, तिच्यात तो आहे.) नाडी मोजताना ती शक्य तितकी बेताल ठेवा. बायकोने कानात काही गमतीचं सांगितलं तर हसू नका, कोण लिहून घेईल सांगता येत नाही. भूक लागली तरी सांगू नका, पेजेची वाटी पूर्ण संपवू नका. 'आहार घेतला' ही नोंद तुम्हाला वीस हजारांना पडू शकते. झोप लागली तर कण्हत झोपा. आयसीयूत जायची संधी मिळाली तर सोडू नका, मात्र तिथून लवकर बाहेर येण्याचा उतावळेपणा नको, नाहीतर आत गेलातच कशाला असा प्रश्न येतो. हे सगळं करूनही प्रकृती सुधारलीच, तर निदान ती रात्री सुधारू द्या, सिस्टरांच्या फेऱ्या कमी असतात. आणि ज्याबद्दल कंपनीलाही शंका घेता येणार नाही अशी निर्विवाद अस्थिर अवस्था हवी असेल तर ती एकच आहे. तिथे दाखल होणं गरजेचं होतं हे बहुधा मान्य होतं. शवागाराचं भाडं मात्र मिळत नाही. तेही त्याच यादीत आहे, थर्मामीटरच्या बरोबरीने.

दाजींचा घात आणखी एका गोष्टीने केला. त्यांचा स्वभाव. आमच्याकडची ही पिढी कधी कसली तक्रार करत नाही. राउंडला डॉक्टर आले, "काय दाजी, कसं वाटतंय?" की हे हाताला सलाइन, हिरडीला कापूस अशा थाटात म्हणणार, "झकास. तुम्ही जेवलात का?" सिस्टरने विचारलं, काही त्रास? "छे छे, तुम्ही बसा की जरा, सकाळपासून उभ्या आहात." ती बिचारी रोज इमानदारीने केसपेपरवर लिहीत गेली, पेशंट कम्फर्टेबल, नो फ्रेश कम्प्लेंट्स. सवयीने लिहिलं जाणारं वाक्य आहे हो ते! कोणत्याही हॉस्पिटलातल्या कोणत्याही पेशंटच्या इनडोअर पेपरवर ते सापडेल. कंपनीने तेही जोडलंय, पिवळ्या मार्करने रंगवून. दाजींनी आयुष्यभर तक्रार केली नाही आणि आता त्यांना तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहायचं होतं. पहिल्या मसुद्याची सुरुवात त्यांनी "आपणांस तसदी देत आहे, क्षमस्व" अशी केली. ताईने कागद हिसकावून घेतला.

सगळ्या प्रकारात एकच गोष्ट वेळेत झाली, तीही सांगायला हवी. २०२४ च्या मे महिन्यापासून नियम आहे की कॅशलेसची पहिली परवानगी तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम परवानगी तीन तासांत द्यायची. उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले तर ते कंपनीने भागधारकांच्या खिशातून भरायचे. दाजींना पहिली परवानगी तासाभरात मिळाली. डिस्चार्जच्या दिवशी नकारही तीन तासांच्या आत मिळाला. नियमावर बोट ठेवायला जागा नाही. दाखल करून घ्या म्हणणारी कंपनी आणि दाखल व्हायची गरजच नव्हती म्हणणारी कंपनी एकच, मधले पाच दिवस तेवढे वेगळे. ताईने बँकेतली ठेव मोडली, बिल भरलं, दाजींना घरी आणलं आणि मग रीतसर फाइल पाठवली. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, इनडोअर पेपर आणि रद्द केलेला चेक. त्या फायलीचं फळ म्हणजे वरचं पत्र.

अपील केलं. मिरजेच्या डॉक्टरांनी स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं की ताप उतरणं हीच जोखमीची वेळ होती, प्लेटलेट्सचे आकडे सोबत आहेत, या रुग्णाला घरी ठेवणं धोक्याचं होतं. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. उत्तर आलं. "आपल्या प्रकरणाचा सखोल फेरआढावा घेण्यात आला आहे. रुग्णाचे तापमान ९६.८ अंश असल्याने पूर्वीचा निर्णय कायम ठेवण्यात येत आहे."

छपाईची चूक नाही, हो. माझी तरी नाही. फेरआढाव्यात दाजी दीड-दोन अंशांनी गार झाले. सखोल म्हणजे किती सखोल, तर आकड्यांच्या जागा बदलेपर्यंत. ताई म्हणाली, आणखी एक अपील केलं तर हे ८६.९ वर येतील आणि मग खरोखरच आयसीयूत न्यावे लागतील. मी म्हटलं, न्यायलाच हवेत, तेव्हा तरी प्रकृती अस्थिर म्हणतील.

इथे आणखी एक नियम आठवतो. कुणा एकाच्या लहरीवर क्लेम नाकारला जाऊ नये म्हणून आता तो कंपनीतल्या समितीने, निदान तिच्या तीन सदस्यांच्या पुनरावलोकन गटाने मंजूर केल्याशिवाय नाकारता येत नाही. शिवाय नकाराच्या पत्रात पॉलिसीतलं नेमकं कलम सांगावं लागतं. तीन डोकी. मी ती बैठक डोळ्यांसमोर आणायचा खूप प्रयत्न करतो. एक जण विचारत असेल, किती? दुसरा सांगत असेल, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. तिसरा म्हणत असेल, नॉर्मल. मग चहा येत असेल. तिघांतल्या एकालाही 'आजार कुठला आहे?' असं विचारावंसं वाटलं नसेल का? की प्रश्न विचारणारा चौथा असतो आणि त्याला समितीवर घेत नाहीत?

आणि फोन! त्या फोनबद्दल बोललो नाही तर माझंच बीपी अस्थिर होईल. पॉलिसीचं पुस्तक इंग्रजीत, तेही अशा इंग्रजीत की आमच्या वकील भाच्याने दोन पानांत हात टेकले. नकाराचं पत्र इंग्रजीत. फोन केला की हिंदी किंवा इंग्रजी. मराठीसाठी अमुक दाबा असं यंत्र म्हणतं, दाबलं की बासरी वाजते, आणि बासरी संपली की पुन्हा हिंदी. ताई मिरजेची. तिची हिंदी ऐकून पलीकडची मुलगी म्हणते, "मॅम, आप क्या कहना चाहती हैं?" पण कंपनीला मराठी येत नाही असं समजू नका, उत्तम येतं. हप्ता भरायची तारीख जवळ आली की मराठीत मेसेज. गुढीपाडव्याला मराठीत शुभेच्छा, तोरणाच्या चित्रासकट. पॉलिसी विकायला आलेला एजंट तर इतकं गोड मराठी बोलत होता की दाजींनी त्याला जेवायलाच बसवलं. पैसे घेताना मायबोली आणि देताना परभाषा, हा उद्योग आमच्या पैशांवर चाललाय आणि आम्ही एक दाबा, दोन दाबा करत बसलोय. सांगलीतल्या बाईला तिचे पैसे का मिळणार नाहीत हे तिच्या भाषेत सांगायला लाज वाटते की भीती? भीती असावी. मराठीत सांगितलं तर ती समजेल, आणि समजली तर मराठीतच उत्तर देईल.

मला कुणी सांगेल की हॉस्पिटलंही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. नाहीतच. 'काय होतंय?' या प्रश्नाच्या आधी 'मेडिक्लेम आहे का?' हा प्रश्न येणारी हॉस्पिटलं मी पाहिलीत. आहे म्हटल्यावर साध्या जुलाबाला तीन दिवस आडवं करणारीही पाहिलीत. कंपन्यांचा संशय सगळाच हवेतला नाही. पण मग भांडा ना त्यांच्याशी! तुमचं नेटवर्क, तुमचा करार, तुमचं पॅनेल, तुमचे दर ठरवणारे अधिकारी. तुम्हीच यादीत घातलेल्या हॉस्पिटलने उगाच दाखल करून घेतलं असं वाटतं तर त्याला यादीतून काढा. तिथे मात्र चिडीचूप, कारण उद्या पुन्हा त्याच्याशीच धंदा करायचाय. भांडण कुणाशी, तर दाजींशी. दाखल व्हायचं की नाही हे दाजींनी ठरवलं होतं का? एकशेतीन तापात, डोळ्यांच्या खोबणी ठणकत असताना, ते रिसेप्शनवर उभे राहून म्हणणार होते का, डॉक्टरसाहेब, आपलं मत मला आदरणीय आहे, पण पेशंटला कधीही न पाहिलेल्या एका डॉक्टरांचं उद्या वेगळं मत पडेल, तेव्हा मी घरी जाऊन मरतो?

नियामकाच्या वार्षिक अहवालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये लोकांनी आरोग्य विम्यापोटी जेवढी रक्कम मागितली, तिच्यातली सुमारे ७१ टक्के हाती पडली. उरलेल्यातली काही लटकलेली, काही कापलेली, काही नाकारलेली. पॉलिसीच्या अटींत बसत नाही म्हणून अमान्य केलेली रक्कमच १५ हजार कोटींच्या वर होती. यात खोटे क्लेमही असतील, असतातच. पण हिरडीला कापूस लावून 'झकास' म्हणणारेही यातच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते पत्र वाचून, दोन शिव्या हासडून, कपाटात ठेवून दिलेलं आहे. नकाराची सगळी मदार त्या कपाटावर आहे. शंभरांतले किती जण पुढे भांडतील याचा हिशेब कुणीतरी कुठेतरी नक्की मांडत असणार. माणूस आजारातून उठलेला असतो, थकलेला असतो, ठेव मोडलेली असते, ऑफिसात रजा संपलेली असते. प्रकृती स्थिर नसलेला माणूस अपील करत नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे अस्थिर प्रकृती त्यांना कळते. फक्त ती क्लेम देताना दिसत नाही.

तेव्हा ज्यांच्या ज्यांच्या कपाटात असं पत्र पडून आहे त्यांना माझी विनंती. ते बाहेर काढा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवा आणि पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आमच्या भागासाठी ते पुण्यात आहेत, मुंबईलाही कार्यालय आहे, गोव्याचे लोकही पुण्याकडेच येतात. फी एक रुपयाही नाही. वकील लागत नाही. लागत नाही म्हणजे चालतच नाही, तुमच्याही बाजूने नाही आणि त्यांच्याही नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, हे विसरू नका, कारण कंपनी विसरणार नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, तिथे दोन वर्षांची मुदत आहे. पण तिथे प्रकरण दाखल केलंत तर लोकपाल ते घेत नाहीत, तेव्हा आधी ठरवा. डिस्चार्ज मिळताना इनडोअर पेपर आणि टीपीआर चार्टच्या प्रती मागून घ्या, फोटोकॉपीचे पैसे स्वतःचे घाला, कारण तेही यादीत आहेत. आणि ज्या डॉक्टरांनी दाखल करून घेतलं त्यांच्याकडून 'दाखल करणं का आवश्यक होतं' हे दोन ओळींत लिहून घ्या, शक्य तर घरी निघायच्या आधीच.

दाजींचा अर्ज पुण्याला गेला आहे. त्याला कंपनीची दोन्ही पत्रं जोडली आहेत, ९८.६ वालं आणि ९६.८ वालं. सुनावणीला दाजी स्वतः बोलणार आहेत. "कसे आहात?" असं कुणी विचारलं तर "झकास" म्हणायचं नाही, एवढं ताईने त्यांच्याकडून वदवून घेतलंय.